लाल लोकरीची खूण

त्या दुपारी मालक दवाखान्यातून एकटेच आले. मालकीणबाईंच्या चपला त्यांनी शेजारच्या सीटवर ठेवल्या, दोन्ही हातांनी मला धरले आणि किल्ली न फिरवता तसेच बसून राहिले. हात गार पडले होते. बाई आता येणार नाहीत, हे मला तेव्हा कळले.

मित्रांनो, मी त्यांच्या जुन्या गाडीचे स्टिअरिंग आहे. कारखान्यात साच्यातून निघाले तेव्हा मी काळे कुळकुळीत होते. मालकांच्या हातांनी माझी कड झिजून गुळगुळीत झाली. बाई गाडी शिकल्या त्या केस पिकल्यावर. पण गाडी उभी केली की खालची चाके सरळ आहेत की वळलेली, हे त्यांना उमगत नसे. मग विणायला घेतलेल्या स्वेटरची लाल लोकर त्यांनी माझ्या माथ्यावर घट्ट बांधली. लोकर वर, म्हणजे चाके सरळ.

"स्टिअरिंगला थंडी वाजते वाटतं?" मालक हसले.

"तुम्ही नाकासमोर चालणारे. मला खूण लागते."

रिव्हर्सचे नाव काढले की बाई म्हणत, "ते उद्या. आज पुढं जाऊ या." म्हणून मालक गाडी मागे घेऊन फाटकाबाहेर काढत, उतरत, आणि मग बाई बसत. गाडी पुढे चालवण्यात त्यांचा हात बसला. लोकर त्यांच्या अंगठ्याने हळूहळू उजवीकडे सरकली, तरी कोणाच्या ध्यानात आले नाही.

बाई गेल्यावर गाडी उभीच राहिली. माझ्यावर धूळ बसली, कोळ्याने जाळे विणले. शेवटी मुलीने वडिलांना बाहेर काढले. गाडी एका बाजूला ओढत होती, म्हणून तिने ती चाकांची दिशा जुळवून घ्यायला, अलाइनमेंटला दिली.

तिथल्या कारागिराने लोकर पाहिली आणि तिलाच मधली खूण समजला. लोकर वर आणून त्याने मला जखडले आणि खालची चाके सरळ केली. यंत्राने सगळे ठीक दाखवले. पण रस्त्यावर गाडी सरळ जाई आणि मी मात्र डावीकडे कललेले.

"बाबा, हे वाकडं आहे. परत नेऊ."

"चालतंय की. लोकर बघ, बरोबर वर आलीय."

मी मनातून घाबरले. मालकांच्या हातांना माझे सरळ असणे ठाऊक होते, डोळ्यांना मात्र लोकर वर हवी होती. एका सकाळी मुलगी शेजारी बसली असताना त्यांचे लक्ष उडाले. हातांनी जुन्या सवयीने मला सरळ केले आणि गाडी उजवीकडे, समोरून येणाऱ्या सायकलवाल्यावर गेली.

"बाबा!"

सायकलवाला थोडक्यात वाचला. "आंधळे आहात का?" तो ओरडला. गाडी तशीच मालकांनी कारागिराकडे नेली.

"या लोकरीनं फसवलं मला," कारागीर म्हणाला. "मीही वेडा, दोऱ्यावर भरवसा ठेवला. कापून टाकू?"

"हात लावू नका तिला." मालकांचा आवाज चढला. मग उतरला. "तिचा अंगठा तिथं असायचा."

कारागिराने हात मागे घेतला. त्याने मला उपटून फिरवून बसवले नाही. मला सरळ धरून त्याने खाली पुढच्या चाकांकडे जाणारे दोन दांडे फिरवले. एक जेवढा लांब केला, दुसरा तेवढाच आखूड. आता मी सरळ आहे आणि लोकर उजवीकडे आहे.

मित्रांनो, माणसाची खूण जिवापाड जपा. पण रस्ता बघताना नजर रस्त्यावरच ठेवा.

काल मालकांनी गाडी मागे घेऊन फाटकाबाहेर काढली, दार उघडले आणि सवयीने खाली उतरले. थोडा वेळ उघड्या दाराशी उभे राहिले. मग परत येऊन बसले.

बाईंना रिव्हर्स शिकवायचे राहून गेले.