एका बाईचे चार पाव

नेझिहेबाईंची पेन्शन वीस तारखेलाच संपते, हे आयसूनच्या कानावर आलं आणि त्याच आठवड्यात घरात अ‍ॅप शिरलं.

आयसून त्यांची लेक, तुर्कस्तानातल्या त्यांच्याच एदिर्ने शहरात एका बँकेत खिडकीवर बसणारी. दिवसभर परक्यांचे पैसे मोजून आली तरी आईचे मोजायला तिच्या अंगात जोर उरायचा. नेझिहेबाईंचा हिशोब तीन डब्यांत असे. एक डबा विजेचा, एक औषधांचा आणि तिसरा अल्लाच्या मर्जीचा. तिसरा नेहमी आधी रिकामा व्हायचा.

"आई, डबे बंद. आता सगळं मोबाइलवर. चाळीस लाख लोक हेच वापरतात."

"मग त्या चाळीस लाखांकडे पैसे उरतात का गं?"

"फाटे फोडू नकोस. शब्द दे, एक कुरुश गेला तरी यात लिहीन म्हणून."

"लिहीन बाई," नेझिहेबाई म्हणाल्या. शब्द तोंडातून गेला आणि मग त्यांना पाव आठवले.

अकरा वर्षांपूर्वी नवरा हालित रुग्णालयात होता, तेव्हा त्यांनी एक नेम धरला होता. हालित गेले, नेम राहिला. अल्लाशी केलेला करार आपल्या बाजूने मोडायचा नसतो. रोज पहाटेचा नमाज झाला की त्या कोपऱ्यावरच्या रिफातच्या भट्टीवर जात, चार पावांचे पैसे देत आणि एकच पाव घरी आणत. उरलेले तीन 'टांगलेले'. रिफात दारातल्या पाटीवर खडूने तीनचा आकडा लिही. ज्याच्या खिशात काही नसेल त्याने यावं, "टांगलेला आहे का?" विचारावं आणि पाव घेऊन जावं. देणारा कोण, घेणारा कोण, हे कुणी विचारायचं नाही. उजव्या हाताने दिलेलं डाव्याला कळलं की त्यातलं पुण्य गळून जातं, अशी नेझिहेबाईंची पक्की समजूत. पोटच्या लेकीलाही त्यांनी कधी कळू दिलं नव्हतं.

आता खोटं लिहायचं नाही हा एक नेम आणि खरं सांगायचं नाही हा दुसरा. दोघांच्या मधे मोबाइल. नेझिहेबाईंनी बिस्मिल्ला म्हणून लिहिलं: पाव, चार.

पहिलं अ‍ॅप शिकलेलं होतं. रंगीत वर्तुळं काढायचं, एक रंग भाजीचा, एक औषधाचा. आठवड्यात अर्धं वर्तुळ पावाने गिळलं. खाली सूचना आली: पावावर तुमचा खर्च फार वाढला आहे, सवयी तपासा.

"सवयी माझ्या नाही वाढल्या," त्या रिफातला म्हणाल्या, "पिठाच्या वाढल्यात."

आयसूनने वर्तुळ पाहिलं आणि निकाल दिला. "हे अ‍ॅप चुकतंय. एका माणसाला चार पाव दाखवतंय. मीच फुकटातलं घेतलं, माझीच चूक."

दुसरं अ‍ॅप पैसे मोजून घेतलं. ते बोलायचं. पाव लिहिला की एक शिष्ट बाई आतून विचारायची, "याची खरंच गरज होती का?" नेझिहेबाई स्वतःशी पुटपुटायच्या, "होती गं बाई, कुणाला तरी होती." महिनाअखेर त्या बाईचंही तेच म्हणणं पडलं: चार.

"दोन्ही बिघडलेली," आयसून म्हणाली. तिला आईवर शंका घेण्यापेक्षा अ‍ॅपवर घेणं सोपं जात होतं, आणि हे तिचं चांगुलपण म्हणायला हवं.

तिसऱ्यात मेंढी होती. बचत केली की मेंढी गुबगुबीत व्हायची, खर्च केला की वाळायची. नऊ तारखेला तिच्या फासळ्या मोजता येऊ लागल्या. नेझिहेबाईंनी जन्मात कुठलं जनावर उपाशी ठेवलं नव्हतं. त्या मुक्या जिवासाठी त्यांनी आपला संध्याकाळचा चहा सोडला, चीज निम्मं केलं. मेंढीला फरक पडला नाही. ती पावांवरच अडून बसली होती.

तीन अ‍ॅप्सची साक्ष जुळली आणि मग मात्र प्रकरण बुर्साला, मुलाकडे गेलं. रविवारी तुंजाय बसने आला. आल्याआल्या त्याने आईचं बोट टोचून साखर तपासली. साखर छान निघाली. त्यामुळे तो खूप निराश झाला.

"म्हणजे चार पाव तू खात नाहीस."

"नाही."

"फेकतेस?"

"तोबा! अन्न कुणी फेकतं का?"

"मग खातं कोण?"

नेझिहेबाईंनी जपमाळेचा मणी पुढे सरकवला. तुंजाय जमिनीकडे बघू लागला. जमिनीखाली, म्हणजे तळमजल्यावर, हयरेत्तिन राहायचे. निवृत्त पोस्टमन, विधुर, हालितचे जुने मित्र.

"आयसून, खालचा म्हातारा हल्ली जरा भरलाय ना गं?"

"इस्त्री केलेला शर्ट घालतो आजकाल," आयसून हळूच म्हणाली.

"लाज नाही वाटत? तुमच्या बापाच्या वयाचा माणूस!"

"तेच तर म्हणतोय आम्ही, आई."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते असं. तुंजाय खाली गेला आणि चहाच्या निमित्ताने हयरेत्तिनना वर घेऊन आला. ते बिचारे टोपी हातात धरून सोफ्याच्या कडेला बसले. पेन्शनचा मोठा भाग घरभाड्यात जाणारा माणूस जसा कडेला बसतो, तसे.

"काका, आडवळण घेत नाही," तुंजाय म्हणाला. "तुम्ही रोज जो पाव खाता, तो येतो कुठून?"

हयरेत्तिननी पेला बशीत ठेवला. कान लालबुंद झाले.

"रिफात... रिफातने सांगितलं तुम्हाला?"

नेझिहेबाईंच्या हातातली माळ थांबली. अकरा वर्षं त्या पाटीवर तीनचा आकडा बघत आल्या होत्या. त्या तिनातला एक कुणाचा, ते त्यांना त्या क्षणी कळलं. कळायला नको होतं ते कळलं.

"रोज नाही हो घेत," हयरेत्तिन पुटपुटले, "महिना संपत आला की... एकच घेतो..."

"बघ! कबूल करताहेत!" तुंजाय उठलाच.

आणखी एक वाक्य, आणि म्हाताऱ्याची लाज चौघांत उघडी पडली असती. तिच्या पाठोपाठ नेझिहेबाईंचा नेम. आपण बोललो तर दोन्ही वाचतील, जाईल ते फक्त आपलं नाव. नेझिहेबाईंनी फार वेळ घेतला नाही.

"हयरेत्तिनभाऊ, चहा गार होतोय. आणि उद्यापासून सकाळी न्याहारीला वर येत जा. एकट्याने कोरडा पाव चावण्यात काय मजा?"

"वहिनी, मी..."

"या म्हटलं ना. ऑलिव्ह तुम्ही आणा, पाव माझा."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. पण मुलांनी ऐकायचं ते ऐकलं.

"आई! बाबांना जाऊन अकराच वर्षं झाली!"

"अकरा म्हणजे थोडी नव्हेत," आयसून भावाला म्हणाली. ती बँकेतली, व्यवहार ओळखणारी. "निदान खर्चाचा पत्ता तरी लागला."

तिने लगेच मोबाइल उघडला. पावांसाठी नवा रकाना हवा होता. अ‍ॅपने दिलेले पर्याय तिने मोठ्याने वाचले: पाळीव प्राणी, छंद, प्रवास, मनोरंजन. हयरेत्तिन ऐकत होते आणि टोपी पिळत होते. शेवटी आयसूनने त्यांना मनोरंजनात टाकलं. तुंजाय आईशी न बोलता शेवटच्या बसने गेला.

दुसऱ्या दिवशी पहाटे नेझिहेबाई भट्टीवर गेल्या.

"चारच ना, नेझिहेताई?" रिफातने विचारलं.

"आज पाच. दोन घरी नेते, पाहुणे आहेत."

रिफातने भुवई उंचावली. गल्लीत बातमी कालच फिरली होती, समोरच्या दोन खिडक्यांचे पडदे हलत होते. पाटीवर त्याने खडूने आकडा लिहिला: तीन.

घरी दारात हयरेत्तिन उभे होते, इस्त्रीच्या शर्टात, हातात ऑलिव्हची बरणी. त्यांना खुर्ची देऊन नेझिहेबाईंनी मोबाइल घेतला. दिलेला शब्द होता. पाव, पाच. कोणत्या रकान्यात, असं अ‍ॅपने विचारलं. त्या जरा अडखळल्या. मग त्यांनी समोर बघितलं. हयरेत्तिन लोणी पावाच्या पार कडेपर्यंत पसरत होते, एक कोपरा कोरडा सोडत नव्हते.

मनोरंजन, त्यांनी दाबलं. त्यात खोटं काही वाटलं नाही.

मेंढी खंगून आडवी झाली होती. तिच्याकडे बघवेना, म्हणून त्यांनी मोबाइल पालथा घातला आणि दुसरा पाव कापायला घेतला.