पोटाशी मेंढी

साउथलंडच्या शेडांमध्ये दिवसाला तीनशे मेंढ्या कातरणाऱ्या बायका दोन-चारच. अरिहिया त्यांतली एक. यंदा जूनमध्ये तिच्या बरगडीखाली दुखायला लागलं आणि स्कॅनमध्ये लिव्हरवर संत्र्याएवढी गाठ दिसली. चरबीची, रक्तवाहिन्यांची, क्वचितच कुणाला होणारी. बहुधा कॅन्सर नाही, पण फुटली तर आतल्या आत रक्त जाणार. आणि अरिहिया तर दिवसभर मेंढी पोटाशी दाबून धरायची.

कातरणाऱ्यांची टोळी तिच्या थोरल्या भावाची, तामातीची. त्याने त्याच दिवशी तिला लोकर निवडायला बसवलं. चार दिवस तिने ती निवडली. पाचव्या दिवशी ती सर्जनकडे गेली.

डॉक्टर फार्कहार साठीचे. त्यांनी स्वतःच्या बरगडीखालून बोट फिरवून दाखवलं: एवढा छेद, गाठ बाहेर. पोटाचे स्नायू कापल्यावर कातरणं मात्र विसरायचं. तिने दुर्बिणीतून ऑपरेशनचं विचारलं, तेव्हा म्हणाले की अशा गाठीवर प्रयोग नकोत, कामापेक्षा जिवाचा विचार कर.

"जिवाचाच करतेय," अरिहिया म्हणाली. "दुर्बिणीतून होत नाही, की तुम्हाला येत नाही? तेवढं सांगा."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मला येत नाही," ते म्हणाले, आणि क्राइस्टचर्चच्या डॉक्टर पेट्रीबाईंना स्वतः चिठ्ठी लिहून दिली.

पेट्रीबाईंनी गोड बोलून काही लपवलं नाही. चार भोकं, आणि गाठ पिशवीत घालून ओटीपोटाच्या लहान छेदातून बाहेर. पण रक्त थांबलं नाही तर मोठा छेद घेणार, तेव्हा विचारत बसणार नाही. "बघ, शेवटी तेच," सोबत आलेला तामाती पुटपुटला. अरिहियाने त्याच्यासमोरच सही केली.

ऑपरेशनमध्ये एकदा रक्त सुटलंच. पेट्रीबाई दहा मिनिटं दाबून थांबल्या, ते थांबलं. तपासणीतही गाठ साधीच निघाली.

नोव्हेंबरात पेट्रीबाईंची परवानगी खिशात घालून ती शेडमध्ये आली. तिच्या जागेवर दुसराच कातरत होता. ती कातरायचं मशीन घेऊन शेजारी उभी राहिली.

"अरी, पोटावर ताण आला तर?" तामातीने विचारलं.

"पोट माझं, ताणही माझा. जागा दे, दादा."

जागेवरचा गडीच हसून बाजूला झाला.

संध्याकाळपर्यंत तिच्या एकशे चाळीस झाल्या. पाठ मोडून आली होती. बरगडीखाली मात्र काही दुखत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तिने एकशे नव्वद कातरल्या.