स्टुलावरची ठकी

घरात माणसं तीनच, पण स्टुलं जिकडे बघावं तिकडे. ओट्याजवळ उंच, आरशापुढे बुटकं, दाराशी चपला घालायला पाठीचं. सगळी बाबांच्या हातची. बाबा सुतार. लेकीच्या डाव्या खुब्याची वाटी जन्मापासून उथळ आहे, मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यात नीट बसत नाही, हे डॉक्टरांकडून ऐकल्यापासून त्यांनी एकच धरून ठेवलं होतं: सैल सांधा हलवायचा नाही. डगमगती खुर्चीही ते कोपऱ्यात ठेवत आणि गिऱ्हाइकाला दम देत, "हात लावू नका."

लेकीला ते लाडानं ठकी म्हणत. ठकी म्हणजे लाकडी बाहुली. ठेवाल तिथं राहणारी.

ठकी आता चष्म्याच्या दुकानात काचा घासायची, तीही स्टुलावर बसूनच. पण दुकानातून घरी येईतो ती लंगडायला लागली, तेव्हा कुणाला न विचारता व्यायामवाल्या बाईंकडे गेली. बाईंनी तिला कुशीवर झोपवून वरचा पाय उचलायला लावला. पाय जरासा उचलला गेला आणि थरथरत खाली आला.

"वाटी उथळ आहे, त्याला इलाज माझ्याकडे नाही," बाई म्हणाल्या. "पण गोळ्याला आवळून धरायचं काम भोवतीच्या स्नायूंचं. तुझे बसून बसून आळशी झालेत."

हे ऐकून ठकी पेटलीच. मात्र बाईंनी दिलेले सावकाश व्यायाम तिला पुळचट वाटले. इतकी वर्षं बसून काढली, आता काय पडून काढायची? तिनं दोरी आणली आणि गच्चीवर उड्या मारल्या. जांघेत अशी कळ आली की जिना उतरायला आईचा खांदा लागला.

बाबांच्या हाती आयतंच कोलीत मिळालं. "बास झाली थेरं. त्या बाई बंद!"

"उड्या मारायला बाईंनी नव्हतं सांगितलं. तो शहाणपणा माझा."

"मग गुंडाळून ठेव तो."

"अगं, ऐक ना," आई म्हणाली. "बसून काय कमी पडतंय तुला?"

"बसून काहीच नाही, आई. उभं राहिल्यावर पडतंय."

बाईंनी आधी तिला यथेच्छ झापलं. मग कळ पूर्ण थांबेपर्यंत विश्रांती दिली, पुन्हा तपासलं आणि बजावलं, "उड्या नाहीत, धावणं नाही, खोल उठाबशा नाहीत. मांडीला, कुल्ल्याला ओढ बसली तर बसू दे. जांघेत टोचलं की तिथंच थांब. कळलं?"

कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ठकीनं एकेक करून सगळी स्टुलं सरकवत बाबांच्या कामाच्या खोलीत नेली.

"ही काय मोडीत काढलीस?" बाबा कडाडले.

"एक ठेवलंय."

ओट्याजवळच्या उंच स्टुलाला धरून ती उभी राहिली आणि डावा पाय सावकाश बाजूला नेला. स्टूल कलंडलं. बाबांनी झेप घेऊन तिला कमरेशी धरलं.

"मला नका धरू. स्टूल धरा."

"ठकी, हलता सांधा झिजतो. हयात गेली माझी त्यात."

"लाकडाचा झिजतो. बाबा, तुमचा करवतीचा हात बघा, आणि हा दुसरा बघा. कुठला जाड आहे? वापरून वापरून झिजला का तो?"

बाबांनी उजवा दंड पाहिला, मग डावा. कलंडलेलं स्टूल सरळ करून पुढं ओढलं आणि त्यावर धपकन बसले.

"आता नाही हलणार. पण टोचलं की थांबायचं."

"तेवढं कळतं मला."

"हो, गच्चीवर दिसलं ते."

ठकीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि पाय उचलला. कुल्ल्यात आग झाली, मांडी थरथरली. ती जांघेकडे कान लावून राहिली. तिथं काही नव्हतं.

आई दारातून बघत होती. "बसायचं तुम्हालाच होतं, तर पोरीच्या नावानं एवढी स्टुलं कशाला केलीत?"

"ठकी, बास आता," बाबा म्हणाले.

"हललात तर बघा," ठकी म्हणाली आणि तिनं पाय पुन्हा उचलला.