मान आडवी, मान उभी

ट्रॉलीबसचा दांडा तारेवरून सुटला की गाडी रस्त्याच्या मधोमध मरते. मग चालकाने खाली उतरायचं, जाड हातमोजे घालायचे, दोरी ओढून दांडा पुन्हा तारेला लावायचा. माझ्या आईने हे सव्वीस वर्षं केलं.

परदेशी माहितीपत्रक, पान नऊ. टक्कल पडलेल्या माणसाचं चित्र. मान खाली-वर, शेजारी वर-खाली बाण. चित्राखाली एकच शब्द: होकार.

उकडलेला गहू, साखर, अक्रोडाचा चुरा. कागदी पेल्यात.

एक: माझं तळघर. दोन: जिन्यातला दिवा. तीन: दोब्रा मावशीचं स्वयंपाकघर. चार: आई.

इमारतीच्या दारावर चिकटवलेला मृत्यूचा कागद, काळी चौकट. स्तामेना गेन्चेवा, वय एकाहत्तर. फोटो आईच्या नोकरीतला, टोपीसकट.

*

एकोणीस वर्षं मी म्युनिकमध्ये एकच काम केलं: घरातल्या विजेच्या तारांतून निरोप पाठवणं. नवी तार ओढायची नाही. ज्या तारेवर फ्रिज चालतो तिच्यातच विजेवर एक बारीक थरथर चढवायची. पलीकडचं यंत्र ती थरथर वेगळी काढून वाचतं. तार एकच आणि बोलणारे अनेक, म्हणून प्रत्येकाला क्रमांक. ज्याचा क्रमांक पुकारला त्यानेच उत्तर द्यायचं. संगणकाच्या पोटातही अशा सामायिक तारा असतात, त्यांना बस म्हणतात. हे मी आईला फोनवर सांगितलं, तेव्हा तिची वाचा शाबूत होती.

"बस? थांबे कुठेत तुझ्या बसला?"

"थांबे नसतात, आई. क्रमांक असतात."

"आणि कोणी फुकट्या चढला तर?"

"क्रमांकाशिवाय चढताच येत नाही."

"येतं रे बाबा," ती हसली. "मला विचार."

फेब्रुवारीत तिला झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. मी प्लोवदिवला, आमच्या गावी, परतलो. ती पाचव्या मजल्यावर, माझी कामाची जागा तळघरात. मी तिच्यासाठी उशी बनवली. उशीत नखाएवढा तुकडा शिवला, मानेची हालचाल ओळखणारा. उशीतून निघालेली वायर भिंतीतल्या प्लगला, तारेवरचा क्रमांक चार. दर तासाला खाटेजवळचा छोटा स्पीकर माझ्या आवाजात दोन प्रश्न विचारायचा: "बरं आहे ना?" आणि "येऊ का?" ती मान हलवायची. खाली तळघरात दिवा लागायचा. हिरवा म्हणजे हो, लाल म्हणजे नाही.

सात महिने. पहिल्याला हिरवा, दुसऱ्याला लाल. जवळजवळ दर तासाला. बरं आहे, येऊ नकोस.

मी निश्चिंत काम करत राहिलो. स्तारा झागोरातल्या एका वृद्धाश्रमाने तशाच चाळीस उशा मागवल्या.

शेजारच्या दोब्रा मावशी तिला भरवायच्या. "वेल्को, दिवसाउजेडी एकदा वर ये की. दाराकडे डोळे लावून बसते ती."

"मावशी, दर तासाला विचारतो मी. तीच येऊ नको म्हणते."

"विचारतो म्हणे! डबड्यातून!"

संध्याकाळी मी वर जायचो तेव्हा ती गोळीने झोपलेली असायची.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी दोन वाजता हिरवा, लाल. तीन वाजता काहीच नाही.

*

सोमवारी दफन झालं. आल्यावर मी जिन्यातल्या विजेच्या फळीवर तिच्या घराचा मुख्य खटका खाली पाडला. घरात गेलो नाही. जाववलं नाही.

बुधवारी, चाळीस उशांच्या कामासाठी, तळघरातलं क्रमांक पुकारणारं यंत्र पुन्हा चालू केलं. चार वाजले. एकने उत्तर दिलं. दोनने दिलं. तीनने दिलं.

चार: हिरवा. लाल.

पाचव्या मजल्यावर धावलो. खटका खालीच होता, मीटर थांबलेला. म्हणजे प्रश्न विचारणारा स्पीकरही मुका. तरी त्या घराच्या दोन्ही तारा फळीवरून सोडवल्या, टोकांना चिकटपट्टी गुंडाळली.

पाच वाजता: हिरवा. लाल.

जुना निरोप तारेत साठून राहत नाही. नळ बंद केल्यावर नळीत पाणी राहतं, तसं इथे काही उरत नाही. हे मला नीट ठाऊक होतं. तरी सहा वाजता दिवे लागले तेव्हा मी खोक्यावर बसून रडलो, आणि भीतीने नाही. गेले चार दिवस एकच गोष्ट मला खात होती: आईला मी यंत्राच्या हवाली केलं का? ती स्वतःच सांगत होती. बरं आहे. येऊ नकोस.

शनिवारपर्यंत मी दर तासाला त्या दिव्यांसमोर बसलो. मला बरं वाटत होतं.

*

रविवारी नववा दिवस. दोब्रा मावशी गव्हाचा पेला घेऊन तळघरात आल्या.

"खा. तिच्या नावाने."

मी एक चमचा खाल्ला आणि विचारलं, "मावशी, शेवटी तिला त्रास झाला का?"

मावशींनी हळूहळू मान आडवी हलवली. उजवीकडे, डावीकडे, पुन्हा उजवीकडे.

"चला, सुटलो," मी म्हणालो.

"सुटलो काय, मेल्या?"

"त्रास नाही झाला ना."

"अरे हो म्हणतेय मी! झाला! मान दिसत नाही का माझी? एकोणीस वर्षांत मानसुद्धा जर्मन झाली तुझी?"

पेला माझ्या हातात होता. समोर भिंतीवर उशीतल्या तुकड्याच्या माहितीपत्रकाचं पान नऊ टाचलेलं होतं, टक्कलवाला माणूस, वर आणि खाली बाण. ती खूण मी जशीच्या तशी यंत्रात उतरवली होती. आणि माझी आई प्लोवदिवची. आमच्याकडे हो म्हणताना मान आडवी फिरते. नाही म्हणताना ती उभी जाते.

सात महिने, दर तासाला. बरं नाही. ये.

"पांढरा पडलास रे," मावशी म्हणाल्या. "बस खाली."

मी बसलो, पण यंत्रापुढे. एक ओळ बदलली, हो आणि नाही यांची जागा उलटी केली. बाराला दोन मिनिटं कमी होती. मावशी काहीतरी बोलत होत्या, मला ऐकू येत नव्हतं.

एक. दोन. तीन.

चार. बरं आहे ना? लाल.

येऊ का?

हिरवा.

"आलो," मी तारांना म्हणालो आणि जिन्याकडे पळालो.

"अरे, लिफ्ट चालू आहे!" मावशी मागून ओरडल्या.

पाच मजले. किल्लीने दार उघडलं. आत औषधांचा वास होता. खाटेवर उघडी गादी. भिंतीत प्लग, प्लगमधून निघालेली वायर, आणि वायर हातभर अंतरावर संपलेली, टोक कात्रीने सरळ कापलेलं.

मावशी धापा टाकत दारात उभ्या राहिल्या. "काय शोधतोयस?"

सोमवारी, शवपेटी बंद करण्याआधी, दोब्रा मावशींनी आईच्या डोक्याखाली तिचीच उशी ठेवली होती.