कूलरनं उट्टं काढलं

मित्रांनो, मी नागपूरचा एक जुना कूलर आहे. अंग गंजलंय आणि मोटर जळलीय. ती मीच जाळली. मला एका माणसाचं उट्टं काढायचं होतं, आणि ते मी काढलं.

माझा जन्म शहरातल्या नंदनवन भागात, कवडू मिस्त्रीच्या दुकानात झाला. त्यानं पत्रा ठोकला, पंखा बसवला, बाजूंना वाळ्याच्या ताट्या लावल्या आणि बटण दाबलं. मी असा घरघरलो की शेजारचा पानवाला धावत आला. "बाप रे! केवढा आवाज आहे गा याचा!" कवडूचा चेहरा पडला. पण दुकानात आलेल्या अरुंधतीबाई खूश झाल्या. त्या समुपदेशन केंद्र चालवायच्या. मनानं मोडलेली माणसं तिथे येऊन मन मोकळं करायची. "असाच द्या कवडूभाऊ," बाई म्हणाल्या. "आतलं बोलणं बाहेर नाही गेलं पाहिजे."

काय सांगू, माझी छाती केवढी फुगली! इतर कूलर नुसता गारवा देतात. मी गुपितं राखायचो. आत बाया हमसून रडायच्या आणि बाहेरच्या बाकावर फक्त माझी घरघर ऐकू यायची.

मग आले रविंद्र सर. नव्या समुपदेशकांना शिकवण्याचं काम त्यांच्याकडे होतं. नव्या माणसानं दर आठवड्याला त्यांच्यापुढे बसायचं, आपलं कुठे चुकतंय ते विचारायचं. याला पर्यवेक्षण म्हणतात. किती विश्वासाचं काम! पण या गृहस्थानं काय केलं? एक मुलगी, तिला आपण प्रीती म्हणू, ज्या खोलीत रडून गेली, त्याच खोलीत त्यांनी तिची कहाणी मित्राला चहाबरोबर ऐकवली. नावानिशी! हसत हसत! "बिनधास्त हास," म्हणाले, "कूलर चालू आहे." गोष्ट फिरत फिरत प्रीतीच्या सासरी पोचली. ती पुन्हा केंद्रात आली नाही.

माझ्या आवाजाच्या आड हे पाप झालं, मित्रांनो! त्या दिवसापासून मी सरांवर डूख धरला. ते समोर बसले की मी मुद्दाम कोमट वारा सोडायचो. पण तेवढ्यानं माझं समाधान होईना.

यंदाच्या एप्रिलमध्ये संधी आली. पायल नावाची नवी समुपदेशक होती. तिच्याकडे हिंगण्याच्या कारखान्यात काम करणारी एक बाई यायची. तिला आपण भावना म्हणू. नवरा मारायचा म्हणून ती घर सोडून एका ठिकाणी लपून राहिली होती. ते ठिकाण तिनं पायलला सांगितलं होतं, माझ्यासमोर. आणि तो नवरा निघाला रविंद्र सरांच्या जिवलग मित्राचा मुलगा!

"पत्ता सांग," सर पायलला म्हणाले. "पर्यवेक्षकापासून काही लपवायचं नसते."

"माझं काय चुकते ते सगळं सांगितलं सर," पायल म्हणाली. "तिचा पत्ता तुम्हाले काहून पाहिजे?"

"घर मोडून राहिलं तिचं! आपण जोडायचं का तोडायचं?"

पायल गडबडली. सरांच्या शिफारशीशिवाय तिची नोकरी पक्की होणार नव्हती. आणि कोण जाणे, सर इतके शिकलेले, त्यांचंच बरोबर असेल तर? तिचे ओठ हलले. "ती..."

मला वाटलं, आत्ताच थांबावं! पण बाहेर बाकावर माणसं होती. मी थांबलो आणि पोरीच्या तोंडून पत्ता निसटला, तर सगळ्यांना कळणार. सूड राहिला बाजूला, भावनाचा जीव जायचा. दात-ओठ खात मी घरघरत राहिलो.

"ती सुखरूप आहे," पायल म्हणाली. "याच्यापुढचं मी नाही सांगणार."

सरांचा पारा चढला. माझ्या आवाजाच्या वर आवाज चढवून ते ओरडू लागले, आणि मी सारं बळ एकवटून बेअरिंग आवळलं. पाती जागच्या जागी थांबली. त्या शांततेत सरांचं वाक्य अख्ख्या केंद्रात घुमलं:

"पत्ता दे, नाही तर नोकरी विसर! तिच्या नवऱ्याले मी शब्द देऊन बसलो!"

दार उघडलं. दारात अरुंधतीबाई उभ्या होत्या.

"मोटर गेली वाटते," सर पुटपुटले.

"मोटरीचं पाहू मागून," बाई म्हणाल्या. "तुम्ही कोणाले शब्द दिला, रविंद्र?"

आहाहा! तो चेहरा पाहायला मी दहादा जळलो असतो. पर्यवेक्षण त्याच दिवशी त्यांच्याकडून काढून घेतलं गेलं, पुढे चौकशी होऊन केंद्रातूनही जावं लागलं. जाताना त्यांनी मला लाथ घातली. तो पोचा मी दागिन्यासारखा मिरवतो. पश्चात्ताप? छे! प्रीतीला मात्र हे कुणी कळवलं की नाही, ठाऊक नाही. तेवढं एक सलतं.

आता मी केंद्राच्या गच्चीवर पडून असतो. कबुतरं अंगावर घाण करतात. तक्रार नाही. मित्रांनो, घरच्या कूलरला वेळच्या वेळी तेल घाला, आणि कुणी विश्वासानं सांगितलेलं जिवापाड जपा. मोठ्या माणसानं दटावून विचारलं, तरी जपा.

काय म्हणता? भावना तेव्हा कुठे लपली होती? मला गाव ठाऊक आहे, गल्ली ठाऊक आहे, दाराचा रंगसुद्धा ठाऊक आहे.

नाही सांगणार.