वाक्य क्रमांक एक

काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ होती : सुरू करण्याजोगी डिस्क सापडली नाही. पाटीसरांनी ती वहीत उतरवून घेतली, पुढे वेळ लिहिली, दहा वाजून चाळीस मिनिटे, आणि मगच चष्मा काढून पुसला.

तंत्रनिकेतनाच्या यंत्रशाळेत ते एकतीस वर्षे निदेशक होते. मोटर कोणतीही असो, बटणाला हात लावण्याआधी तिच्या अंगावरची पाटी वाचायची, हा त्यांचा पहिला धडा. त्यावरून मुलांनी पाडलेले हे नाव निवृत्तीनंतर घरापर्यंत येऊन पोचले होते.

लॅपटॉप नवा होता आणि पत्नीसाठी होता. चार वर्षांपूर्वी घशाच्या शस्त्रक्रियेत तिचा आवाज गेला. त्याआधी मिळालेल्या तीन आठवड्यांत तिने खाटेवर बसून चारशे बारा वाक्ये ध्वनिमुद्रित केली होती. ती सगळी रोजच्या वापरातली. ‘दार ओढून घ्या.’ ‘आधी जेवून घे, मग बोलू.’ सरांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने आता त्यासाठी एक प्रोग्राम लिहून दिला होता : पडद्यावरचे वाक्य निवडले की ते तिच्याच आवाजात उमटायचे. प्रोग्राम लिनक्सवर चालणारा, म्हणून लिनक्स. उद्या दुपारी चार वाजता परगावच्या लेकीचा फोन येणार होता. चार वर्षे लेक बोलत होती आणि आई फोनवर टिचकी मारून ‘हो’ म्हणत होती. उद्या ती बोलणार होती.

लिनक्सची स्थापना शहात्तर टक्क्यांवर थांबली होती. त्याचे भय सरांना वाटले नव्हते. यंत्र आहे म्हणजे दोष येणारच. त्यांनी लॅपटॉप पुन्हा सुरू करून मूळ सेटिंग उघडले. आतली डिस्क तिथे व्यवस्थित दिसत होती, मात्र ती अशा पद्धतीत लावलेली होती की लिनक्सला ती दिसणारच नव्हती. दोष सापडला. सरांनी समाधानाने पेन उचलले आणि ते तसेच हवेत राहिले.

आतली डिस्क दिसतच नव्हती, तर शहात्तर टक्के लिहिले गेले कुठे?

त्यांनी मान वळवली. टेबलाच्या कडेला बाहेरची छोटी डिस्क पडलेली होती. तिची वायर लॅपटॉपला जोडलेली होती आणि तिचा निळा दिवा उघडझाप करत होता.

जुना लॅपटॉप गेल्या महिन्यात कायमचा बंद पडला होता. चारशे बारा वाक्ये आता फक्त याच डिस्कवर होती. सकाळी पेनड्राइव्हवरून लिनक्स तात्पुरते चालवून त्यांनी ती एकेक उघडून पाहिली होती, कारण उघडून पाहिल्याशिवाय प्रतीला प्रत म्हणायचे नाही, हाही त्यांचाच नियम. दुसरी प्रत नव्या लॅपटॉपवर करायची होती, म्हणून वायर तशीच ठेवली होती. वहीत सातवी पायरी त्यांच्याच वळणदार अक्षरात होती : ‘डिस्क एकच दिसते. क्षमता ५०० जीबी. संपूर्ण पुसून स्थापना.’ पुढे बरोबरची खूण. दोन्ही डिस्क पाचशेच्याच होत्या. त्यांनी आकडा वाचला होता, पाटी वाचली नव्हती.

त्यांनी त्या खुणेवर बोट ठेवले आणि तिथेच राहू दिले.

स्वयंपाकघरात ओट्यावर चमच्याचे दोन ठोके पडले. ही तिची हाक. ते दारापर्यंत गेले. तिने गळ्यातल्या छोट्या वहीत लिहून ठेवलेच होते : ‘झालं का? लग्नाच्या बोलण्यांनाही एवढा वेळ लागला नव्हता.’

“थोडं राहिलंय,” ते म्हणाले, आणि परत आले.

दार लोटून त्यांनी विद्यार्थ्याला फोन लावला. घडले ते क्रमाने सांगितले.

“सर, आधी ती डिस्क काढा. आत्ता. तिच्यावर यापुढे काही लिहायचं नाही.”

“काढली.”

“सिस्टिमनं फार तर दहा-बारा जीबी लिहिलं असेल. त्याखाली जे आलं ते गेलं. बाकीचं वाचेल, पण फाइलींची नावं राहणार नाहीत.”

“किती वाचेल?”

“ते आत्ता कुणीच सांगू शकत नाही, सर.”

आतली डिस्क दिसेल असे सेटिंग बदलायचे, पेनड्राइव्हवरून सुरू करायचे, बाहेरची डिस्क फक्त वाचायची आणि सापडेल ते आतल्या डिस्कवर उतरवायचे, असे त्याने सांगितले. सरांनी सगळे लिहून घेतले. शेवटी तो जरा अडखळला.

“सर, या वेळी दोन्ही डिस्कचं मेक आणि मॉडेल मला वाचून दाखवा. मोठ्यानं.”

त्यांनी वाचून दाखवले. मागे दार उघडले होते, हे त्यांना फोन ठेवल्यावर कळले.

ती उभी होती. ते काही सांगू लागले, तर तिने हात वर करून थांबवले. सगळे ऐकले होते. पेन्सिल कागदावर टेकली आणि बराच वेळ हललीच नाही. मग तिने लिहिले : ‘वाक्यांची यादी माझ्या कपाटात आहे. आणते.’

शोध सुरू झाला. पहिली चाळीस मिनिटे पडद्यावरचा आकडा शून्यावरच होता. ती यादी मांडीवर घेऊन बसली होती. कागदाची कड एकसारखी दुमडत आणि उलगडत होती. सरांना तिच्याकडे पाहवेना आणि पडद्याकडेही. एकदा पंखा बंद करावा असे त्यांना वाटले, पण उठण्याचे धैर्य झाले नाही. मग आकडा एक झाला. मग नऊ. मग एकशे चार.

दुपारी दोनला तो तीनशे एकोणनव्वदवर थांबला.

नावे नव्हती, नुसते क्रमांक होते. सर एकेक फाइल वाजवायचे, पत्नी ती ऐकून यादीतल्या ओळीवर बोट ठेवायची आणि सर खूण करायचे. खोलीत तिचा जुना आवाज सलग चार तास बोलत राहिला : वैतागलेला, हसणारा, मध्येच खोकणारा. स्वतःचे खोकणे ऐकून तिने तोंड वाकडे केले. संध्याकाळपर्यंत तेवीस ओळी खुणेविना कोऱ्या राहिल्या. ‘तुमचं घोरणं पुरे’ हे गेलेले पाहून तिने लिहिले, ‘नेमकं उपयोगाचं गेलं.’ सर हसले आणि हसताना त्यांचे डोळे भरून आले.

यादीच्या माथ्यावरची ओळ कोरी होती. क्रमांक एक. रेकॉर्डिंग नीट होते का ते पाहण्यासाठी तिने पहिल्या दिवशी सर्वांत आधी म्हटलेला एकच शब्द : ‘अहो.’

सरांनी शेवटच्या फाइली पुन्हा एकदा वाजवल्या. मग पुन्हा. ती त्या ओळीकडे पाहत होती. तिने पेन्सिल वहीत खोचली, त्यांच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला आणि आत निघून गेली.

त्यांनी तीनशे एकोणनव्वद फाइलींची दुसरी प्रत एका वेगळ्या पेनड्राइव्हवर केली आणि एकेक उघडून पाहिली. लिनक्स आणि प्रोग्राम उद्या सकाळी, लेकीच्या फोनआधी बसवायचे होते. मग वहीत नव्या ओळीवर लिहिले : ‘क्र. १. मिळाले नाही.’ पुढे खूण करायची जागा मोकळी सोडली.

ओट्यावर चमच्याचे दोन ठोके पडले.

“आलो,” ते म्हणाले.