राहू दे

तिने लिफ्टचं बटण दाबलं, पण नवऱ्याने पुढे केलेली पाण्याची बाटली घेतली नाही.

"ती नको," ती म्हणाली. "बाईंनी बजावलंय ना."

बाई म्हणजे तिच्या समुपदेशक. भीती वाटली तरी ती ओसरेपर्यंत लिफ्टमध्ये उभं राहायचं. गोळी, बाटली आणि नवरा, तिघांनीही खालीच थांबायचं, असं त्यांनी सांगितलं होतं. त्यावर दोघी हसल्या होत्या. चष्मे दुरुस्त करणाऱ्या तिच्या भल्या नवऱ्याला मात्र हसू आलं नव्हतं. 'तुम्ही सांभाळून घेता, म्हणून तिची भीती टिकून राहते,' हे पुढचं वाक्य त्याच्या फार जिव्हारी लागलं होतं. बायकोला इतकं फुलासारखं जपावं आणि वर हे ऐकून घ्यावं.

दार लागलं. 'घाबरू नकोस' हे शब्द त्याच्या ओठांवर आले होते, ते त्याने गिळले. आठव्या मजल्यावर तिची थोरली बहीण राहायची. आजवर ताईच खाली यायची आणि अंगणातल्या बाकावर दोघींच्या गप्पा रंगायच्या. आता ताईचे पाय चालेनासे झाले होते.

बऱ्याच वेळाने लिफ्ट खाली आली. ती घामाने डबडबली होती, पण पाय ठाम होते.

"जमलं?"

"जमलं. छाती धडधड धडधड करून दमली आणि गप्प बसली."

"ताई काय म्हणाल्या?"

"रडली. मग म्हणाली, आईच्या वेळी का नाही आलीस?"

तो बाटलीचं झाकण उगाच फिरवत राहिला.

"तेव्हाही मी बटण दाबलं होतं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "थरथरत होते, पण जाणार होते. तुम्ही हात धरलात. म्हणालात, राहू दे, मीच भेटून येतो."

त्याला सगळं आठवत होतं. वर ताईंच्या घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंनी त्याच्या पाठीमागे दाराकडे बघत विचारलं होतं, 'एकटेच आलात?' त्याच आठवड्यात त्या गेल्या. तो प्रश्न त्याने बायकोला कधीच सांगितला नव्हता. तिला त्रास नको म्हणून.

"तुझ्या भल्यासाठीच गं..."

"माहीत आहे मला." तिने पुन्हा बटण दाबलं. "एकदा जाऊन भागत नाही, असं बाई म्हणतात."

दार लागताना तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. तेही बाईंनीच सांगितलं असेल, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.